स्पेनमध्ये खेड्यातलं जुनं घर आणि बदामाची बाग घ्यायचीये, एजंट ३,००० युरो मागतोय, देऊ का?

रानवेडी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांब होईल, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं नऊ वर्षं नेदरलँड्सला आहोत, नोकऱ्या इथेच, पासपोर्ट मात्र दोघांचेही भारतीयच आहेत. गेली तीन वर्षं सुट्टीला स्पेनला जातोय आणि दरवेळी समुद्र सोडून आतल्या भागात फिरतो. मागच्या फेब्रुवारीत ग्रानादा प्रांतात बासाच्या पुढे एका गावात चार दिवस राहिलो. बदाम फुलले होते, उतारच्या उतार पांढरे-गुलाबी, आणि सकाळी इतकी शांतता की पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा घरात ऐकू यायच्या. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

आता एक जागा सापडलीये. जुनं कोर्तिखो, म्हणजे शेतातलं घर, जाड दगडी भिंती, जाहिरातीत १४० चौरस मीटर लिहिलंय, मागे छोटा स्विमिंग पूल, २.३ हेक्टर जमीन, त्यात बदाम आणि थोडे ऑलिव्ह, विहीर आहे, पाटाचं पाणी पण येतं म्हणे. किंमत १,१५,००० युरो. विकणारी तीन भावंडं आहेत, वडलांकडून आलेलं आहे. एजंट बोलायला चांगला आहे पण घाई फार करतोय, अजून दोन जण बघून गेलेत, ३,००० युरो भरा मी जाहिरात काढतो म्हणतो. कागद काय बघायचे विचारलं तर म्हणाला ते सगळं नोतारियो, म्हणजे तिथला नोटरी, तपासतो, आणि कातास्त्रोचा एक छापील कागद दिला, त्यात घर, पूल, जमीन सगळं दिसतंय.

दुसरा पर्याय कासेरेस प्रांतात वालेन्सिया दे आल्कांताराजवळ, पोर्तुगालच्या हद्दीला लागून, ७८,००० ला, तिथे घर लहान पण ओकची मोठमोठी झाडं आहेत.

विचारायचं असं की ३,००० देऊ का, आपल्यासारख्या परदेशी माणसाला तिथे शेतजमीन घेता येते ना, घर घेतलं की राहायचा परवाना मिळतो असं ऐकलं होतं ते खरं का, आणि पाण्याचं नक्की काय विचारायचं. कुणी स्वतः घेतलं असेल तर प्लीज मोकळेपणाने लिहा.


डोंगरकाठ

ताई, आधी एकच. पैसे देऊ नका. एक युरो पण नाही. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी २०१६ ला आलिकान्ते प्रांताच्या आतल्या भागात घेतलं, समुद्रापासून तासभर. माझ्याकडे पण असाच कातास्त्रोचा कागद होता, त्यात घर १३० मीटर. मी समजलो हा मालकीचा कागद. तो मालकीचा नसतोच हो! कातास्त्रो हे कर आकारण्यासाठीचं सरकारी दप्तर आहे, तिथे कुणी जाऊन सांगितलं की घर वाढवलंय तर ते नोंद करून कर लावून मोकळे, परवानगी होती का ते त्यांचं काम नाही. मालकी बघायची ती रेखिस्त्रो दे ला प्रोपिएदादमध्ये, म्हणजे मालमत्ता नोंदणी कार्यालयात, आणि त्याचा उतारा म्हणजे नोता सिंप्ले. ऑनलाइन मिळतो, दहा-अकरा युरोत, परक्या माणसालाही मिळतो. आपल्याला सातबाऱ्यावर जमीन, मालक, बोजा सगळं एकत्र बघायची सवय असते, इथे दोन वेगळी दप्तरं आहेत आणि कित्येक ठिकाणी ती एकमेकांशी जुळतच नाहीत. २०१५ च्या १३ नंबरच्या कायद्याने दोन्ही जुळवायची सोय केलीये पण जुन्या शेतजमिनींचं कुणी मुद्दाम केल्याशिवाय होत नाही.

माझ्या नोता सिंप्लेमध्ये काय निघालं माहितीये? ६२ मीटरची कासा दे आपेरोस. म्हणजे अवजारं ठेवायची खोली!! आणि हे मला कळलं सही झाल्यावर, घर विकत घेतल्यावर लाइटचं नवीन कनेक्शन मागायला गेलो तेव्हा. राहतं घर म्हणून कागदच नाही म्हटल्यावर कनेक्शन नाही. पाच वर्षं सोलर पॅनल आणि डिझेल जनरेटरवर काढली, डिसेंबरात चार वाजताच बॅटरी खाली जायची, बायको स्वेटर घालून स्वयंपाक करायची, फ्रिज बंद करून दूध खिडकीत ठेवायचो. घर सुंदर आहे, आज विचाराल तर सोडणार नाही, पण तेव्हा दहा युरोचा उतारा काढला असता तर किंमत तरी निम्मी बोललो असतो.

आणि नोतारियो सगळं तपासतो हे अर्धवट खरं आहे. नोतारियो तुमची ओळख, विकणाऱ्याची मालकी, बोजा, पैसे कसे दिले एवढं बघतो. पूल परवानगीने बांधला का, विहीर नोंदलेली आहे का, हे बघायला तो गावात जात नाही. त्यासाठी स्वतःचा वकील लागतो, एजंटने सुचवलेला नको, साधारण किमतीच्या एक टक्क्यापर्यंत घेतात.


निळीशाई

डोंगरकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी आंदालुसियात एका आर्किटेक्ट ऑफिसमध्ये काम करते आणि आमच्याकडे महिन्याला दोन-तीन तरी लोक सही झाल्यावर येतात, खरं तर सही आधी यायला पाहिजेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते, तुमची जागा ग्रानादात आहे म्हणून आंदालुसियाचंच लिहिते कारण स्पेनमध्ये बांधकामाचे नियम प्रत्येक स्वायत्त प्रदेशाचे वेगळे, डोंगरकाठ यांच्या आलिकान्तेचे, म्हणजे वालेन्सिया प्रदेशाचे, नियम इकडे लागू नाहीत.

शहराबाहेरची जमीन म्हणजे सुएलो रुस्तिको. ती शेतीसाठी आहे, घर हा अपवाद. २०२१ मध्ये नवीन कायदा आला, लिस्ता म्हणतात त्याला, त्याप्रमाणे रुस्तिको जमिनीवर नवीन सुटं घर बांधायचं तर किमान अडीच हेक्टर लागतं आणि वर बऱ्याच अटी. तुमची २.३ हेक्टर आहे, म्हणजे पाडून नवीन बांधू हा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढा, जे उभं आहे तेच जपायचं.

आता जे उभं आहे त्याचं वय काय, हा खरा प्रश्न. २५ मे १९७५ च्या आधीचं घर असेल आणि त्याचा मूळचा वापर, मूळचं स्वरूप टिकून असेल, पडीक झालेलं नसेल तर लायसन्स नसलं तरी कायदा त्याला लायसन्सवाल्या घराच्या बरोबरीने धरतो. पण हे मूळच्या घरापुरतं! नंतर काढलेली खोली, झाकलेला व्हरांडा, पूल, यांचा हिशोब वेगळा. त्यांना बांधून सहा वर्षं होऊन गेली असतील आणि जागा विशेष संरक्षित क्षेत्रात नसेल तर गावचं आयुंतामिएंतो, म्हणजे नगरपालिका, सहसा पाडायला लावू शकत नाही, पण म्हणून ते कायदेशीर झालं असं नाही. मग आफो नावाचा दाखला काढावा लागतो, त्याचा अर्थ एवढाच की हे बांधकाम नियमाबाहेरचं आहे पण आता पाडायचा हक्क उरलेला नाही, दुरुस्ती करा, राहण्याजोगं ठेवा, वाढवू मात्र नका. लाइट-पाण्याचं कायमचं कनेक्शन मागताना हाच दाखला बघतात. संरक्षित जमीन असेल तर सहा वर्षांचा नियम लागूच होत नाही, ती टांगती तलवार कायमची.

वय कसं शोधायचं ते सांगते, हे घरबसल्या करा. नॅशनल जिओग्राफिक इन्स्टिट्यूटच्या साइटवर जुने हवाई फोटो फुकट आहेत. १९५६-५७ मध्ये अमेरिकन विमानांनी पूर्ण स्पेनचे फोटो काढले होते, आम्ही नुसतं अमेरिकन फ्लाइट म्हणतो, ते काळेपांढरे फोटो आजही आमच्या रोजच्या कामात लागतात. मग सत्तर-ऐंशीच्या दशकातली एक मालिका, आणि २००४ नंतर दर दोन-चार वर्षांनी रंगीत. तुमचा सर्वे नंबर, म्हणजे पोलिगोनो आणि पार्सेला, टाकून एकेक फोटो उघडा. १९५६ ला छपराचा चौकोन दिसतोय का, किती लांब, सावली कुठे पडलीये. मग पुढच्या फोटोत बाजूला काही वाढलं का. निळा ठिपका पहिल्यांदा कुठल्या वर्षी दिसतो ते लिहून ठेवा, पूल लपत नाही कधी.

हे मी उगीच घाबरवायला लिहीत नाहीये. २००८ च्या जानेवारीत आल्मेरिया प्रांतात वेरा गावी एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचं घर पाडलं होतं, त्यांच्याकडे गावच्या आयुंतामिएंतोचं लायसन्स होतं, तरी प्रादेशिक सरकारने ते लायसन्सच बेकायदेशीर ठरवून घेतलं. बातम्यांमध्ये खूप गाजलं ते. त्यानंतर नियम बरेच सुधारले, आफोची वाट रुंद झाली ती त्यातूनच, पण गावचा माणूस हो म्हणाला म्हणजे झालं असं धरून चालू नका.


रानवेडी

बापरे. दोघांचे किती आभार मानू. काल रात्री जेवण झाल्यावर बसलो ते दीड वाजला.

नोता सिंप्ले काढली. आधी तर कळेना, कारण एक नाही तीन निघाल्या! जमीन तीन वेगळ्या नोंदींत आहे, एक १.१ हेक्टर, एक अर्धा, एक ०.७. घर पहिल्या नोंदीत, ८८ मीटर. म्हणजे १४० मधले ५२ कुठेच नाहीत. आणि मालक म्हणून अजून वडलांचंच नाव आहे, भावंडांचं नाहीच.

फोटो बघितले. १९५६ मध्ये घर आहे!! इतका आनंद झाला ना, एक बारीकसा पांढरा आयत आणि त्याच्या मागे ठिपक्या ठिपक्यांच्या रांगा, तेव्हाही झाडं होती तिथे. पण डाव्या बाजूची लांब खोली पहिल्यांदा २०१० च्या फोटोत दिसते आणि पूल २०१९ च्या नंतर. अजून एक, दुसऱ्या तुकड्यातून एक रुंद पट्टा तिरका जातो, १९५६ च्या फोटोत एकदम ठळक, आता झुडपं आलीत. एजंट म्हणतो तो शेजाऱ्याच्या मेंढ्यांचा रस्ता आहे, काही त्रास नाही.


निळीशाई

छान काम केलंत, मन लावून बघितलंत.

वडलांचं नाव आहे म्हणजे वारसाचे कागद अजून नोंदवले नाहीत. भावंडांनी आधी वारसाहक्काची एस्क्रितुरा, म्हणजे नोटरीपुढचा दस्त, करून, वारसा कराचे कागद पूर्ण करून रेखिस्त्रोत नाव चढवायचं, तो खर्च त्यांचा. तिघांच्या सह्या लागतील, एकच भाऊ बोलतोय म्हणून बाकीचे तयार आहेत असं समजू नका.

२०१० मध्ये दिसणारी खोली सहा वर्षांच्या पुढची आहे, आफोचा विचार होऊ शकतो. पूल मात्र नेमका कधीचा ते बघायला लागेल, २०१९ नंतर म्हणजे काठावर आहे, मधले फोटो पण शोधा. मुदत पूर्ण व्हायच्या आत आयुंतामिएंतोने फाइल उघडली तर घड्याळ थांबतं.

आणि तो तिरका पट्टा. तो नकाशावर बिया पेक्वारिया म्हणून आहे का ते लगेच बघा. पूर्वी मेंढ्यांचे कळप उन्हाळ्या-हिवाळ्याला शेकडो किलोमीटर चालत न्यायचे, त्यांचे राखीव रस्ते. ते सरकारी मालकीचे आहेत, शंभर वर्षं कुणी नांगरले तरी मालकी हक्क होत नाही. १९९५ च्या कायद्यात रुंदी दिलीये, वेरेदा २० मीटरपर्यंत, कोर्देल साडेसदतीस, आणि कान्यादा ७५ मीटरपर्यंत! असा पट्टा तुमच्या तुकड्यातून जात असेल तर तेवढी जमीन तुम्ही पैसे देऊन घेणार पण ती तुमची नसणार. कुंपण घालता येणार नाही.


पाटपाणी

पाण्याचं मी सांगतो, कारण मी त्याच बाजूला, म्हणजे आल्तिप्लानोवर, तिथल्या उंच पठारावर, सात वर्षं बदाम करतोय. आधी भाड्याने जमीन घेतली, मग विकत.

विहीर आहे म्हणजे पाणी आहे असं नाही, आणि पाणी आहे म्हणजे ते तुमचं आहे असं तर मुळीच नाही. १९८६ पासून जमिनीखालचं पाणी सार्वजनिक मालकीचं आहे. स्वतःच्या जमिनीतून वर्षाला ७,००० घनमीटरपर्यंत उपसता येतं, पण ते नदीखोऱ्याच्या कार्यालयात, तुमच्याकडे ग्वादालकिविरचं कॉन्फेदेरासिओन, तिथे नोंदवलेलं पाहिजे, आणि भूजल अतिउपशाचं म्हणून जाहीर झालं असेल तर साधी नोंद पुरत नाही, परवानगीच लागते. तेव्हा मालकाकडे विहिरीचा नोंदणी कागद मागा. नुसतं झाकण उचलून दाखवलं तर खाली वाकून बघून खूश होऊ नका. मीटर आहे का, पंप किती खोल सोडलाय, ऑगस्टमध्ये पातळी कुठे असते हे विचारा, शक्य असेल तर ऑगस्टमध्येच जाऊन बघा, फेब्रुवारीत सगळ्याच विहिरी चांगल्या दिसतात.

पाटाचं पाणी म्हणजे आसेकिया. ते शेतकऱ्यांच्या पाणी-संघाचं, कोमुनिदाद दे रेगान्तेस, आणि पाळी ठरलेली असते. माझी पाळी दर पंधरा दिवसांनी पावणेदोन तास. तास ठरलेला पण वेळ फिरती, म्हणजे कधी दुपारी चार, कधी पहाटे तीन. पहिल्या उन्हाळ्यात मी पहाटे तीनला टॉर्च घेऊन गेलो, वरच्या शेतकऱ्याने आपली लोखंडी फळी खाली पाडली की माझ्याकडे पाणी वळतं, पण फळीखालून गळतच होतं, चिखलाचे गोळे आणि जुनी गोणी कोंबून ती भेग बुजवायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, वीस मिनिटं गेली माझी. तो म्हातारा परत आला, काही न बोलता पायाने गोणी दाबली, आणि पाणी सरळ माझ्या बांधापर्यंत धावत आलं. त्या माणसाकडून मी सगळं शिकलोय. तर सांगायचं हे की संघाच्या सेक्रेटरीकडे स्वतः जा, या जमिनीच्या नावावर किती मिनिटं आहेत आणि पट्टी थकलीये का ते लेखी घ्या. संघाची थकबाकी जमिनीवर चढते, माणसावर नाही, म्हणजे मालक बदलला की तुमच्याकडून वसूल.

हे पाणी प्यायचं नव्हे. प्यायला टँकर मागवून टाकीत भरतात किंवा विहिरीचं पाणी लॅबमध्ये तपासून, नायट्रेट आवर्जून बघा. सांडपाण्याची फोसा सेप्तिका कुठे आहे ते विचारा, विहिरीपासून किती लांब.

आणि बदाम कुठल्या जातीचे? तिकडे उंची ९०० मीटरच्या आसपास, मार्च-एप्रिलमध्ये रात्रीत कडाक्याची थंडी पडून, दव गोठून फूल-फळ जळतं. मार्कोनासारख्या लवकर फुलणाऱ्या जाती असतील तर काही वर्षं हातात काहीच येत नाही. ग्वारा किंवा लाउरान या जाती उशिरा फुलतात, त्या तगतात. फेब्रुवारीत फुललेले बघितलेत म्हणता म्हणून विचारतोय. उत्पन्नाच्या भरवशावर घेत असाल तर मी मनापासून सांगतो, २.३ हेक्टरवर घरखर्च निघत नाही, झाडांची निगा आणि नांगरट निघाली तरी चांगलं वर्ष.


डोंगरकाठ

जातीवरून आठवलं, आमच्या बाजूला २०१७ ला बदामाची झाडं वाळवणारा क्झिलेला जिवाणू सापडला, बाधित झाडाच्या आजूबाजूची झाडं सुद्धा सरकारने काढायला लावली, अख्खे डोंगर उघडे पडले, बघवत नव्हतं. रानवेडीताईंच्या भागात तसं नाही पण बाग घेताना रोगाचा नकाशा बघायची सवय लावून घ्या.


हद्दीवरचा

कासेरेसच्या जागेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, आणि हे भारतीय पासपोर्टवाल्यांना फार कमी जण सांगतात.

परदेशी माणसाला स्पेनमध्ये जमीन घ्यायला सर्वसाधारण बंदी नाही, एनआयई, म्हणजे परदेशी माणसाचा ओळख नंबर, काढला की झालं, तो तुम्हाला नेदरलँड्समधल्या स्पॅनिश कॉन्सुलेटमधूनही काढता येईल. पण १९७५ चा एक संरक्षण कायदा आहे आणि १९७८ चे त्याचे नियम. त्यात काही पट्टे ठरवलेत, पोर्तुगालची हद्द, फ्रान्सची हद्द, गालिसिया, जिब्राल्टरची सामुद्रधुनी, कार्ताखेना, आणि बालेआरिक व कॅनरी बेटं. या पट्ट्यांमध्ये गावठाणाबाहेरची जमीन युरोपियन युनियनबाहेरच्या नागरिकाने घ्यायची तर लष्करी परवानगी लागते. तुम्ही नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये राहताय याचा इथे उपयोग नाही, पासपोर्ट कुठला ते बघतात. वालेन्सिया दे आल्कांतारा हद्दीच्या पट्ट्यातच येतं. परवानगी मिळते, मला मिळाली, पण भारतातला पोलीस दाखला, त्याचं अपोस्टिल, शपथेवर भाषांतर, जमिनीचे नकाशे, सगळं मिळून मला आठ महिने लागले आणि त्यात पहिल्या विकणाऱ्याने कंटाळून दुसऱ्याला विकलं. तेव्हा आरास करारात, म्हणजे बयाण्याच्या करारात, परवानगीसाठी पुरेशी मुदत लिहून घ्या आणि नाही मिळाली तर पैसे परत असंही.

आता राहायच्या परवान्याचं, ५ लाख युरोच्या घरावर मिळणारा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. तुमच्या किमतीत तो कधीच बसत नव्हता. घर असलं तरी डच परवान्यावर १८० दिवसांत ९० दिवसच तिकडे राहता येतं. कायमचं जायचं तर डच बाजूचा युरोपियन लाँग टर्म रेसिडेंट परवाना आहे का बघा, तो असला तर स्पेनमध्ये अर्ज करायची वाट सोपी होते. नाहीतर नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसा, त्याला मुख्य अर्जदाराचं महिना २,४०० युरोचं उत्पन्न आणि जोडीदाराचे ६०० दाखवावे लागतात, आणि काम करता येत नाही.

अजून एक, जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी युरोपियन युनियनबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर शंभर टक्क्यांपर्यंत कर लावायची घोषणा केली होती. घोषणा म्हणजे कायदा नव्हे, आणि तुम्ही युनियनमध्येच राहता, तरी सहीच्या आठवड्यात वकिलाला त्याची स्थिती विचारा.


आकडेमोड

खर्चाचं थोडक्यात. जुन्या घरावर ट्रान्सफर कर आंदालुसियात ७ टक्के, एक्स्त्रेमादुरात, म्हणजे कासेरेस ज्या प्रदेशात येतं तिथे, या किमतीला ८. २०२२ पासून कातास्त्रोने ठरवलेली संदर्भ किंमत तुमच्या व्यवहाराच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर कर त्या किमतीवर लागतो, म्हणून ती आधीच ऑनलाइन बघा. नोतारियो, रेखिस्त्रो, वकील, भाषांतर धरून किमतीच्या वर एकूण ११-१२ टक्के बाजूला ठेवा. भावंडांपैकी कुणी स्पेनबाहेर राहत असेल तर त्याच्या हिश्श्याचे ३ टक्के तुम्ही कापून कर खात्यात भरायचे, विसरलात तर तुमच्या गळ्यात. नंतर दरवर्षी इबी हा स्थानिक कर आणि अनिवासी म्हणून घराच्या मानीव उत्पन्नावर छोटा कर, तो युनियनमध्ये राहणाऱ्याला १९ टक्के, बाहेरच्याला २४. इथे मात्र पासपोर्ट नाही, तुम्ही राहता कुठे ते बघतात.


निळीशाई

अजून एक राहिलं, तुमच्या नोता वाचून आठवलं. ०.७ आणि अर्धा हेक्टरवाले तुकडे एक हेक्टरच्या आतले आहेत. सिव्हिल कोडप्रमाणे अशा शेतजमिनीला लागून ज्याची जमीन आहे त्या शेजाऱ्याला तीच किंमत देऊन ती आपल्याकडे ओढून घ्यायचा हक्क असतो, नोंद झाल्यापासून नऊ दिवसांत. मध्ये ओढा, पाट किंवा रस्ता असेल तर हा हक्क नाही. बहुतेक शेजारी करत नाहीत, पण आधी जाऊन भेटा, कॉफी प्या, विचारा.

आणि एजंटला ३,००० ऐवजी हे सांगा की वकिलाने केलेला आरास करार करू, नेहमीची रक्कम १० टक्के. त्यात तुम्ही मागे फिरलात तर रक्कम जाते, विकणारा फिरला तर दुप्पट परत देतो, हे सिव्हिल कोडच्या १४५४ कलमात आहे. पण त्यात अटी घाला की वारसाची नोंद होणं, आयुंतामिएंतोचा कुठली कारवाई चालू नाही असा दाखला, विहिरीचा कागद, आणि यातलं काही नाही आलं तर रक्कम पूर्ण परत. अटी मान्य नसतील तर ते उत्तरच समजा.


रानवेडी

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी.

एजंटला पैसे दिले नाहीत. चार दिवस फोन उचलला नाही त्याने, मग स्वतःच फोन केला, ते दोन खरेदीदार काही आले नाहीत. आम्ही बासामधली एक वकील धरली, तिच्या ओळखीचा सर्वेयर घेऊन मागच्या शनिवारी जागेवर गेलो. तो पट्टा वेरेदा निघाला, सर्वेयरने दोन्ही बाजूंना लाल रिबन बांधल्या, आपल्या तुकड्यातली साधारण दीड हजार चौरस मीटर जमीन आणि अकरा बदामाची झाडं त्या रिबनींच्या मध्ये. पूल २०२० च्या उन्हाळ्यातला आहे, विकणाऱ्या बहिणीनेच सांगितलं, मुलांसाठी कोविडमध्ये बांधला म्हणाली, परवानगी घेतली नव्हती.

पाटपाणी, तुम्ही म्हणालात तसं सेक्रेटरीकडे गेलो. वहीत बघून त्याने सांगितलं या जमिनीला दर अठरा दिवसांनी एक तास दहा मिनिटं, आणि दोन वर्षांची पट्टी थकलीये, ३४० युरो. विहिरीची नोंद नाही. झाडं बहुतेक मार्कोना आहेत, थोडी ग्वारा.

खालच्या शेताचा म्हातारा शेजारी भेटला. त्याला जमीन नकोय, त्याला फक्त त्याच्या मेंढ्यांना तो पट्टा मोकळा हवाय. मी म्हटलं तो तुमचाच रस्ता आहे. त्याने आत जाऊन पिशवीभर बदाम आणून दिले, सालासकट.

वकिलीणबाईंनी ९२,००० चा प्रस्ताव पाठवलाय, ८८ मीटर घर आणि पट्टा सोडून जमीन धरून, निळीशाईंनी सांगितलेल्या सगळ्या अटींसकट, शिवाय थकलेली पट्टी त्यांनी भरायची आणि विहीर त्यांच्या नावावर असतानाच नोंदवायची. दोघं भाऊ तयार आहेत, बहीण विचार करतेय, पुढच्या शुक्रवारी सांगणार आहेत.